अंगावरच्या दुधातली मेदाम्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाजणाऱ्या आईला घरातले, शेजारचे आणि दवाखान्यातले लोक दोनच गोष्टी विचारतात: दूध येतंय का आणि पुरतंय का. त्या दुधातलं फॅट कोणत्या जातीचं आहे, हा प्रश्न सहसा पावडरच्या डब्यावरची 'डीएचए', 'ओमेगा-३' ही अक्षरं वाचल्यावर पडतो. आया, आज्या, बाबा आणि गावात काम करणाऱ्या आशाताई असे प्रश्न विचारतात. त्यांतल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. बाळाचं वजन वाढत नसेल किंवा ते सुस्त वाटत असेल तर मात्र हे वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

अंगावरच्या दुधात फॅट असतं तरी किती?

बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांनी दूध स्थिरावतं. त्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेतीन ते साडेचार ग्रॅम फॅट असतं. आकडा लहान वाटतो, पण बाळाला दुधातून मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी जवळपास निम्मे यातूनच येतात. सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पितं. म्हणजे रोज २५ ते ३० ग्रॅम फॅट त्याच्या पोटात जातं. वजनाच्या हिशेबात मोठ्या माणसाने एवढं फॅट खाल्लं तर डॉक्टर रागावतील. बाळाला मात्र ते लागतंच, कारण त्याचा मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि मेंदूच्या कोरड्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो.

मेदाम्ल म्हणजे नेमकं काय?

मेदाम्ल, म्हणजेच फॅटी ॲसिड, ही कार्बनच्या अणूंची साखळी असते. ती आखूड किंवा लांब असते. तिच्यात दुहेरी बंध नसला तर मेदाम्ल संपृक्त, एक असला तर एकबंधी असंपृक्त आणि जास्त असले तर बहुबंधी असंपृक्त. दुधात ही मेदाम्लं सुटी फिरत नाहीत. ग्लिसरॉल नावाच्या रेणूला तीन खुंट्या असतात असं समजा, प्रत्येक खुंटीवर एक मेदाम्ल अडकवलेलं. या जोडणीला ट्रायग्लिसराइड म्हणतात आणि दुधातलं सुमारे ९८ टक्के फॅट याच रूपात असतं. उरलेल्यात फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल येतं.

हे सगळं सूक्ष्म थेंबांच्या रूपात दुधात तरंगतं. थेंबाचा व्यास साधारण चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्याच्याभोवती तीन पदरी आवरण असतं. हे आवरण आईच्या पेशीतूनच आलेलं असतं.

मग आईच्या दुधात कोणकोणती मेदाम्लं असतात?

प्रयोगशाळेत दोनशेच्या आसपास सापडतात, पण बहुतेक नावापुरती. हिशेबात धरावीत अशी थोडीच आहेत.

सर्वांत जास्त ओलिक, एकूण मेदाम्लांच्या ३० ते ४० टक्के. शेंगदाणा तेलातही हेच मुख्य. त्याखालोखाल पामिटिक, २० ते २५ टक्के. तिसरं लिनोलिक, म्हणजे ओमेगा-६ कुळातलं मूळ मेदाम्ल. ते १० ते २० टक्के असतं आणि आईच्या स्वयंपाकातल्या तेलाप्रमाणे सर्वांत जास्त हलतं. स्टिअरिक, मिरिस्टिक आणि लॉरिक प्रत्येकी चार-आठ टक्क्यांच्या घरात. अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ कुळातलं मूळ मेदाम्ल एक टक्क्याच्या आसपास.

आणि शेवटी ज्यांची सगळीकडे चर्चा असते ती दोन: ॲराकिडोनिक म्हणजे एआरए आणि डोकोसाहेक्साएनोइक म्हणजे डीएचए. जगभरच्या ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एआरएची सरासरी ०.४७ टक्के आणि डीएचएची ०.३२ टक्के निघाली. टक्क्याचा एक तृतीयांश! पण बाळाच्या रोजच्या दुधात त्याचे नव्वद-शंभर मिलिग्रॅम होतात, आणि डोळ्याच्या पडद्याला व मेंदूला तेवढं मोलाचं असतं.

ही मेदाम्लं दुधात येतात कुठून?

तीन ठिकाणांहून. एक, आईने काल-आज खाल्लेलं अन्न. दोन, तिच्या अंगावरची साठवलेली चरबी. तीन, खुद्द स्तनातल्या ग्रंथी. त्या साखरेपासून नवीन मेदाम्लं तयार करतात, पण ती मध्यम लांबीची असतात, मुख्यतः लॉरिक आणि मिरिस्टिक. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक माणसाच्या शरीराला बनवताच येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात.

यातला सर्वांत मोठा वाटा साठवलेल्या चरबीचा आहे. दुधातल्या लिनोलिकपैकी जेमतेम ३० टक्के त्या दिवसांच्या जेवणातून थेट येतं, असं खुणा केलेल्या अणूंच्या प्रयोगांतून दिसलं आहे. बाकीचं साठ्यातून. म्हणजे बाळाच्या पोटात जाणारं फॅट आईने गरोदरपणात आणि त्याआधी काही वर्षं जे खाल्लं त्याचंही असतं. बाळंतपणानंतर चाळीस दिवस ताट सुधारण्यावर जो जोर दिला जातो, त्यातला थोडा आधीच्या दिवसांकडे वळला तर बरं.

सासूबाई म्हणतात, तूप आणि डिंकाचे लाडू खा, म्हणजे दूध घट्ट होईल. खरं का?

लाडू खा, पण या आशेने नको. आईने फॅट जास्त खाल्लं म्हणून दुधातल्या फॅटचं एकूण प्रमाण फारसं वाढत नाही, आणि कमी खाल्लं म्हणून फारसं घटतही नाही. बदलते ती त्या फॅटची जात.

हा फरक लक्षात न आल्याने घरोघरी किती आयांना बोल लावले जातात! "हिचं दूध पातळ आहे, बाळाला लागत नाही," हे वाक्य बहुतेक वेळा पाजण्याच्या सुरुवातीचं निळसर दूध बघून उच्चारलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून वाटीभर तूप तिच्या पानात पडतं. ते तूप तिच्या कमरेवर जातं, दुधाचा दाटपणा तोच राहतो.

अळीव, डिंक, मेथी, खसखस, सुकं खोबरं यांचे लाडू थकलेल्या बाळंतिणीला उष्मांक देतात, अळिवातून लोहही मिळतं, हा त्यांचा खरा उपयोग. दिवसाला एखाद-दुसरा पुरे.

म्हणजे आईच्या खाण्याने काहीच फरक पडत नाही?

पडतो, आणि बराच पडतो. १९५९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पाजणाऱ्या आईच्या आहारातलं फॅट बदलून दुधातली मेदाम्लं मोजली गेली. मक्याचं तेल भरपूर दिल्यावर दुधातलं फॅट त्या तेलासारखं दिसू लागलं. आहारात फॅट जवळपास नसताना स्तनग्रंथींनी स्वतः बनवलेल्या लॉरिक-मिरिस्टिकचं प्रमाण चढलं. पुढे अमेरिकेतच झालेल्या एका प्रयोगात आयांना नारळाचं, करडईचं, माशांचं अशी वेगवेगळी तेलं एकेकदा देऊन पाहिलं. त्या तेलातलं मेदाम्ल सहा तासांच्या आत दुधात दिसू लागलं, दहा ते चोवीस तासांत त्याने उच्चांक गाठला, आणि एक ते तीन दिवस ते चढं राहिलं.

म्हणजे दुपारी बांगड्याचं कालवण खाल्लं तर रात्रीच्या दुधात त्याचा अंश असतो.

देशादेशांतला फरकही असाच ताटावरून पडतो. नऊ देशांमधल्या आयांच्या दुधाची तुलना २००६ साली छापली गेली. जपानी आयांच्या दुधात डीएचए एक टक्क्याच्या जवळ होतं, अमेरिका आणि कॅनडात फक्त ०.१७ टक्के. फिलिपिन्समध्ये लॉरिक सगळ्यांत जास्त निघालं, कारण तिथे नारळ. आपल्याकडे कोकण-गोव्यात ओलं खोबरं रोजच्या वाटपात असतं, तिथेही हाच नियम लागू होणार. आणि भात-भाकरीवर भर असलेल्या कमी तेलाच्या जेवणाने लॉरिक-मिरिस्टिक वाढतं ते वेगळ्या वाटेने, म्हणजे साखरेपासून.

स्वयंपाकाला कोणतं तेल वापरावं? आमच्याकडे पूर्वीपासून करडईचं.

करडईच्या जुन्या वाणांच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक असतं. सूर्यफुलात साठीच्या घरात. शेंगदाण्यात जवळपास निम्मं ओलिक आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लिनोलिक. सोयाबीनमध्ये लिनोलिक निम्म्याहून थोडं जास्त, पण सोबत सात टक्क्यांच्या आसपास अल्फा-लिनोलेनिकही असतं. मोहरीच्या तेलात ते दहा टक्क्यांच्या पुढेमागे.

फक्त करडई किंवा फक्त सूर्यफूल वापरणाऱ्या घरात ओमेगा-६ चा लोंढा येतो आणि ओमेगा-३ मागे पडतं. दोन्ही कुळं शरीरात पुढच्या मेदाम्लांसाठी त्याच एन्झाइमांकडे रांग लावतात, त्यामुळे एकाची गर्दी झाली की दुसऱ्याचं काम अडतं. अमेरिकेत वनस्पती तेलांचा वापर वाढत गेला तसं आईच्या दुधातलं लिनोलिक विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या सहा-सात टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांच्या पुढे गेलं. म्हणून तेल आलटून-पालटून वापरा: शेंगदाणा मुख्य, मधूनमधून सोयाबीन किंवा मोहरी.

लाकडी घाण्याचं तेल घेतल्याने मेदाम्लांचं गणित बदलत नाही. चव आणि वास वेगळा, किंमत तर फारच वेगळी. शेंगदाण्यातली मेदाम्लं मात्र घाण्यातही तीच आणि रिफायनरीतही तीच.

डीएचएचा एवढा गाजावाजा का?

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांत मेंदू आणि दृष्टिपटल डीएचए साठवत असतात, म्हणून. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची ती शेवटची साठवण हुकलेली असते, त्यामुळे त्याची गरज जास्त.

इथे थोडं सबुरीने घ्यायला हवं. 'डीएचए दिलं की बुद्धी वाढते' इतकं ते सोपं नाही. पूर्ण दिवसांच्या, पावडरच्या दुधावरच्या बाळांना डीएचए-एआरए देऊन पाहणाऱ्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा बहुतेकांत बुद्धीच्या वाढीवर ठोस फायदा दिसला नाही. २९ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांबाबत चित्र वेगळं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीत अशा बाळांना जन्मानंतर डीएचए दिलं गेलं. पाच वर्षांच्या वयात त्यांचा बुद्ध्यांक सरासरी साडेतीन गुणांनी जास्त निघाला, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. पण याच चाचणीत फुप्फुसांच्या जुनाट आजारापासून बचाव दिसला नव्हता, उलट धोका थोडा वाढत असावा अशी शंका आली होती. म्हणून कमी दिवसांच्या बाळाला मनाने थेंब देऊ नका. ते ठरवणं नवजात तज्ज्ञांचं काम आहे.

पाजणाऱ्या आईसाठी मात्र रोज किमान २०० मिलिग्रॅम डीएचए ही शिफारस बहुतेक तज्ज्ञ मंडळांनी मान्य केली आहे. म्युनिकमध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात आयांनी दोन आठवडे एवढं डीएचए घेतलं. त्यांच्या दुधातलं प्रमाण ०.३७ टक्के निघालं, न घेणाऱ्यांच्या दुधात ०.२१.

आम्ही शाकाहारी आहोत. जवसाची चटणी आणि अळिवाची खीर पुरेशी नाही का?

या दोन्हींत ओमेगा-३ आहे, पण अल्फा-लिनोलेनिकच्या रूपात. जवसाच्या तेलात ते निम्म्याहून जास्त असतं, अळिवाच्या तेलात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. शरीर त्यापासून डीएचए बनवतं खरं, पण फार थोडं. बाया हे काम पुरुषांपेक्षा जरा बरं करतात, तरी थोडंच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाजणाऱ्या आयांनी चार आठवडे रोज २० ग्रॅम जवसाचं तेल घेतलं. दुधातलं अल्फा-लिनोलेनिक कितीतरी पट वाढलं. डीएचए होतं तिथेच राहिलं.

म्हणून जवस-अळीव खाच, बाळाला अल्फा-लिनोलेनिक हवंच असतं. पण डीएचए त्यातून येईल या भरवशावर राहू नका. अंडं चालत असेल तर बलकातून थोडं मिळतं. तेही नको असेल तर समुद्री शैवालापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. मासे तरी डीएचए कुठून आणतात? शैवालातूनच. डॉक्टरांना विचारून त्या घेता येतात.

घाबरून जाण्यासारखं मात्र काही नाही. इंग्लंडमधल्या एका जुन्या अभ्यासात दूधदुभतं खाणाऱ्या शाकाहारी आयांच्या दुधात डीएचए ०.३० टक्के होतं आणि मांसाहारी आयांच्या ०.३७. खरा फरक दूधही न घेणाऱ्या वीगन आयांत दिसला, ०.१४. आपल्याकडच्या शाकाहारी बाळंतिणीची मला तरी डीएचएपेक्षा बी-१२ ची काळजी आधी वाटते. ते कमी पडलं तर अंगावर पिणाऱ्या बाळाला खरोखर इजा होऊ शकते, तेव्हा त्याची रक्ततपासणी टाळू नका.

मासे कोणते खावेत? माहेरी बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात.

मालवणकडे मोरी, म्हणजे मुशी, दूध वाढवते म्हणून बाळंतिणीला आवर्जून देतात. चवीला तोड नाही. पण मोरी हा शार्क आहे आणि त्याचं तेल यकृतात साठतं, मांस कोरडंच. डीएचएसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय मोठे शार्क दुसरे मासे खाऊन वाढतात, त्यामुळे त्यांच्या मांसात पारा साचत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि पाजणाऱ्या स्त्रियांना शार्क टाळायला सांगितलं आहे. लहान मुशीत पारा कमी असतो हे खरं, तरी रोजच्या रोज मोरी नको. परंपरा म्हणून एकदा खाल्ली तर खाल्ली.

तेलकट आणि लहान मासे सर्वांत चांगले: बांगडा, तारली, पेडवे. स्वस्त आहेत, आयुष्य लहान असल्याने पारा कमी साचतो आणि ओमेगा-३ भरपूर. आठवड्यातून दोनदा पुरे. पापलेट आणि सुरमईचा मान मोठा, किंमतही मोठी, पण डीएचएच्या हिशेबात गरिबाचा बांगडा त्यांना मागे टाकतो. बोंबील चवदार, पण पाणीच जास्त.

डालडा, खारी, बेकरीची बिस्किटं: बाळंतिणीला चालतील का?

चहासोबत खारी-टोस्ट हा बाळंतिणीचा नेहमीचा नाश्ता, म्हणून यावर सविस्तर बोलायला हवं. तेलात हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करून वनस्पती तूप बनवताना ट्रान्स मेदाम्लं तयार होतात. आईने खाल्लेली ही मेदाम्लं थेट दुधात उतरतात. ती जितकी जास्त, तितकं दुधातलं लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक कमी, असं आढळलं आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कॅनडाचा. १९९० च्या दशकात तिथल्या आयांच्या दुधात सरासरी सात टक्क्यांहून जास्त ट्रान्स मेदाम्लं होती, म्हणजे डीएचएच्या कितीतरी पट. मग पाकिटावर ट्रान्स फॅट छापणं सक्तीचं झालं, कंपन्यांनी पाककृती बदलल्या, आणि २०११ पर्यंत दुधातलं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली आलं. आयांना कोणी वेगळा आहार शिकवला नव्हता, बाजारातला माल बदलला होता.

भारतात एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. पाकिटबंद मालाचं ठीक, पण गल्लीतल्या बेकरीत आणि वडापावच्या कढईत काय चाललंय ते पाकिटावर कुठे छापलेलं असतं? तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून केलेलं तळण टाळलेलं बरं. घरच्या तुपात आणि दुधात निसर्गतः थोडं ट्रान्स असतं, ते वेगळ्या जातीचं. त्याची धास्ती नको.

पावडरच्या दुधावर बाळाची शी घट्ट होते, अंगावरच्या दुधावर सैल. फॅटचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, आणि या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच.

वर सांगितलेल्या तीन खुंट्या आठवा. आईच्या दुधातलं ६० ते ७० टक्के पामिटिक मधल्या खुंटीवर असतं. वनस्पती तेलांमध्ये, पाम तेलातसुद्धा, ते बहुतेक कडेच्या दोन खुंट्यांवर असतं. पचनाचं एन्झाइम कडेच्या खुंट्या तोडतं आणि मधली तशीच ठेवतं. आईच्या दुधात त्यामुळे पामिटिक मधल्या खुंटीसकट आतड्यातून सहज शोषलं जातं. पाम ओलीन (पाम तेलाचा पातळ भाग) वापरलेल्या पावडरमध्ये तेच पामिटिक सुटं होतं, आतड्यातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचा न विरघळणारा साबण होतो. तो शीतून बाहेर पडतो. शी कडक होते, आणि फॅट व कॅल्शियम दोन्ही थोडं वाया जातं.

रासायनिक विश्लेषणात दोन्ही दुधांतलं पामिटिक अगदी सारखं भरेल, पण बाळाच्या आतड्याला ते सारखं वाटत नाही. हे कळल्यावर कंपन्यांनी पामिटिक मधल्या खुंटीवर बसवलेलं खास फॅट बनवलं, ते काही महागड्या डब्यांत असतं.

मग डीएचए घातलेली पावडर आईच्या दुधासारखी झाली का?

नाही. युरोपात २०२० पासून बाळाच्या पावडरमध्ये डीएचए घालणं बंधनकारक आहे, आणि ज्या बाळाला पावडर द्यावीच लागते त्याच्यासाठी ते चांगलंच. पण थेंबाभोवतीचं ते तीन पदरी आवरण, भरपूर कोलेस्टेरॉल, आणि फॅट पचवणारं एन्झाइम दुधातच सोबत असणं, हे डब्यात येत नाही. आईच्या दुधात पित्तक्षारांनी जागं होणारं लायपेज हे एन्झाइम असतं. नवजात बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड अजून कच्चं असतं, ती उणीव हे लायपेज भरून काढतं. त्याने सुटी केलेली मेदाम्लं जिआर्डियासारख्या परजीवींनाही मारतात, हे १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवलं गेलं.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि डब्यावर ते आईच्या दुधासारखं असल्याचं सुचवणारे शब्दही छापता येत नाहीत. कोणी फुकट नमुना हातात दिला तर तो बेकायदा आहे, इतकं लक्षात ठेवा.

गाईचं किंवा म्हशीचं दूध पाणी घालून द्यावं का?

एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नाही. गाईच्या दुधातल्या फॅटमध्ये लिनोलिक दोन-तीन टक्केच असतं, आईच्या दुधातल्याच्या कितीतरी कमी, आणि आखूड साखळीचं ब्युटिरिक असतं, जे आईच्या दुधात नसल्यातच जमा. म्हशीच्या दुधात फॅट दुप्पट, पण जात गाईचीच. पाणी घातल्याने उष्मांक कमी होतात, मेदाम्लं बदलत नाहीत. त्याशिवाय जास्तीची प्रथिनं आणि लोहाची कमतरता आहेच.

सुरुवातीचं दूध पातळ आणि नंतरचं दाट असतं म्हणतात. किती वेळ पाजावं?

पाजायला घेतल्यावर पहिल्या घोटांत फॅट कमी असतं, स्तन रिकामा होत जाईल तसं वाढतं. सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये दीड-दोन ग्रॅम असलं तर शेवटी पाच-सहाही भरू शकतं. दोन वेळांमध्ये अंतर जास्त पडलं की सुरुवातीचं दूध आणखी पातळ लागतं. मेदाम्लांची टक्केवारी मात्र दोन्हींत जवळपास सारखीच राहते.

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलू नका. एका बाजूचं बाळाने आपणहून सोडलं की दुसरी बाजू द्या. दिवसभराचं एकूण फॅट कसंही करून जुळतं.

चिकात फॅट किती?

पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकात ते कमी असतं, १०० मिलिलिटरमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास. पिवळेपणा कॅरोटीनचा. चीक टाकून देण्याची रीत अजून कुठे असेल तर ती थांबवा.

काढून ठेवलेल्या दुधावर साय येते आणि साबणासारखा वास येतो. खराब झालं का?

साय येणं साहजिक आहे. फॅट हलकं, ते वर येतं. बाटली हळूच गोल फिरवली की मिसळतं. बाटलीच्या भिंतीला चिकटलेलं फॅट वाया जाऊ देऊ नका.

साबणासारखा वास लायपेजमुळे येतो. फ्रिजमध्येही ते काम करत राहतं आणि मेदाम्लं सुटी होतात. असं दूध बाळाला अपायकारक नाही, फक्त काही बाळं तोंड फिरवतात. तसं झालं तर पुढच्या वेळी दूध काढल्याबरोबर कडेला बुडबुडे येईपर्यंतच गरम करून लगेच थंड करा, उकळू नका. बाळ पीत असेल तर ही खटपट करू नये, कारण उष्णतेने उपयोगी घटकही जातात. आंबूस, नासका वास आला तर मात्र टाकून द्या.

खोलीचं तापमान २५ अंशांच्या आत असेल तर दूध चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस, डीप फ्रीझरमध्ये सहा महिने. विदर्भातल्या मे महिन्यात २५ अंशांची खोली कुठून आणणार? तिथे काढल्याबरोबर फ्रिज.

दूध बँकेतल्या दुधातली मेदाम्लं शाबूत असतात का?

असतात. आशियातली पहिली मानवी दूध बँक मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेव्हापासून राज्यात आणखीही झाल्या. दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात मेदाम्लांची टक्केवारी बदलत नाही, पण लायपेज मरतं, म्हणून लहानग्या बाळाला त्यातलं फॅट थोडं कमी पचतं. स्वतःच्या आईचं ताजं दूध पहिलं, ते नसेल तर बँकेचं, असा क्रम त्यामुळेच ठेवतात.

अतिदक्षता विभागात नळीने दूध देताना आणखी एक गळती होते. पंपाने तासन्‌तास थेंबथेंब दिलं तर फॅट वर तरंगून सिरिंजला आणि नळीला चिकटून राहतं. थोडं थोडं करून एकेका वेळी दिलं तर नुकसान कमी होतं. परिचारिकांना हे ठाऊक असतं, तरी विचारायला हरकत नाही.

माझ्या दुधातली मेदाम्लं तपासून मिळतील का?

गॅस क्रोमॅटोग्राफी या प्रयोगशाळेतल्या तंत्राने मिळतात, पण ते संशोधनाचं काम. एका वेळच्या नमुन्यावरून काही ठरवता येत नाही, कारण सकाळ-संध्याकाळ, पहिले घोट-शेवटचे घोट, कालचं जेवण, सगळ्याने आकडे हलतात. खासगी प्रयोगशाळेने पैसे घेऊन असा अहवाल देऊ केला तर ते पैसे बांगड्यावर किंवा शैवालाच्या कॅप्सूलवर खर्च करा. बाळाचं वजन आणि दिवसाला ओल्या होणाऱ्या लंगोटांची संख्या यांवरून दुधाचं जास्त कळतं.

बाळ तीन महिन्यांचं आहे. वजन उतरवायला डाएट किंवा उपास केला तर?

एकादशी, चतुर्थी असा एखाद-दुसऱ्या दिवसाचा उपास केल्याने दुधातल्या फॅटवर फारसा परिणाम होत नाही, साठा पुरवठा करतो. साबुदाणा आणि शेंगदाणा खाऊन केलेला आपला उपास तर उष्मांकांच्या बाबतीत उपास म्हणावा का, हाच प्रश्न. सावकाश, महिन्याला दोन किलोच्या आत वजन उतरवणं चालतं. मात्र फॅट अजिबात बंद करणारा आहार घेऊ नका. लिनोलिक, अल्फा-लिनोलेनिक आणि डीएचए स्तनग्रंथींना बनवता येत नाही, आणि साठ्यातलं संपत जातं ते आईचं स्वतःचं. कार्ब बंद करून फक्त फॅट-प्रथिनांवर राहण्याचा आहार पाजताना तर नकोच. त्यात आईच्या रक्तात आम्लं धोकादायक पातळीला जाऊन दवाखान्यात भरती करावं लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.